आधी अशिलाशी बोलायला शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विधी विद्यार्थ्यांच्या संभाषण कौशल्य कार्यशाळेची बातमी कालच्या अंकात वाचली. अभिनंदन! इंग्रजी सफाईदार हवं, देहबोली हवी, आत्मविश्वास हवा, असं पाहुणे म्हणाले. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, तिथे इंग्रजी लागणार, मान्य. पण वकिलीची सनद मिळाल्यावर ही मुलं आधी उभी राहणार ती इथेच, सोलापूरच्या कोर्टात, आणि खालच्या कोर्टांची भाषा 1998 पासून मराठी आहे.

आमचा वाटणीचा दावा चालू होता. आई अक्कलकोट तालुक्यातली. घरात कन्नड, मराठी बाजारापुरतं. तिच्या सरतपासाचं, म्हणजे आपल्या बाजूनं द्यायच्या साक्षीचं, प्रतिज्ञापत्र आमच्या तरुण वकीलसाहेबांनी केलं. 'सदरहू मिळकत', 'वर नमूद केलेप्रमाणे', सगळं झोकात. आईनं बोट ठेवलं तिथे सही केली. उलटतपासात समोरच्या वकिलांनी गोड आवाजात विचारलं, "आजी, हे तुम्हाला कुणी वाचून दाखवलं होतं का?" शपथ घेतलेली बाई. म्हणाली, "नाही की. सही करा म्हणाले, केली."

वाचून, समजावून सांगितल्याचं खाली छापलेलं होतंच! मग आला पुढचा प्रश्न: "वाटणीच्या वेळी तुम्ही हजर नव्हता हे म्हणणं खोटं आहे, असं म्हणणं खरं नाही ना?" याचं उत्तर मला आजही देता येणार नाही. आईनं दिलं. "हो." आमच्या साहेबांनी हरकत घेतली नाही, खुलाशासाठी आईला पुन्हा प्रश्न विचारायला फेरतपासही मागितला नाही, फायलीत तोंड खुपसून बसले. बाहेर व्हरांड्यात मात्र कंठ फुटला, "आजी, असं कसं बोललात?"

यात इंग्रजी कुठे आडवं आलं, सांगा. अर्धा तास आईसमोर बसून साध्या शब्दांत बोलायचं होतं, कन्नड जाणणारा कुणी तरी शेजारी घेऊन. सोलापुरात तेवढा माणूस मिळत नाही?

बार कौन्सिलच्या कायदा शिक्षणाच्या नियमांत अभिरूप न्यायालयाचा, म्हणजे लुटुपुटीच्या खटल्यांचा, पेपर आहे. त्यात तोंडी युक्तिवादाला तीन वेळा पाच-पाच गुण. अशिलाच्या मुलाखतीला पंधरा, पण त्याही बसून बघायच्या आणि डायरीत उतरवायच्या. डायऱ्या कशा भरतात हे कॉलेजात गेलेल्या कुणालाही विचारा. पुढे बार कौन्सिलची वकिलीसाठीची परीक्षा, तीही पर्यायांवर खुणा करण्याची. म्हणजे समोरच्या म्हातारीला प्रश्न समजेल असा विचारता येतो का, हे कुणी तपासायचं? न्यायाधीशांनी?

तुमच्या बातमीत दीपप्रज्वलन करणाऱ्या सगळ्यांची नावं आली. एखादा विद्यार्थी तोंड उघडून काही बोलला का, तेवढं राहिलं. असो. पाण्याच्या वेळापत्रकावरचं माझं मागचं पत्र तुम्ही इतकं कापलंत की 'आपला नम्र' तेवढं शाबूत राहिलं. हे कापायचंच झालं तर गुणांचा हिशेब कापा, आईचा भाग ठेवा.

– एक वाचक, साखर पेठ, सोलापूर