सूचना : पहिल्या प्रदर्शनासाठी कोंबड्यांची तयारी

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, पुढील महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी 8 वाजता घणसोली येथे होणाऱ्या प्रदर्शनात प्रथमच पक्षी आणणाऱ्यांनी त्यांना आजपासून रोज थोडा वेळ लहान पिंजऱ्यात ठेवून हाताळण्याची सवय लावावी.

आंघोळ आधीच्या गुरुवारी कोमट पाण्याने व सौम्य शाम्पूने घालावी, फेस पूर्ण निघेपर्यंत पाणी बदलावे आणि पिसे मुळापर्यंत वाळवावीत, कारण आपल्याकडच्या दमट हवेत ती लवकर सुकत नाहीत व ओला पक्षी गारठतो. पिसांची चमक परतण्यास दोन-तीन दिवस लागतात. शनिवारी रात्रीची घाई कृपया नको. पाय मऊ ब्रशने घासावेत. तुऱ्याला खोबरेल तेलाचे बोट पुरे.

शिंकणारा किंवा उवा झालेला पक्षी, कितीही देखणा असला तरी, आणू नये. परतल्यावर प्रत्येक पक्षी दोन आठवडे वेगळा ठेवावा.

– सचिव