गोळ्या फुकट, खाडे कोणाच्या अंगावर? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस सप्रेम नमस्कार.

2001 साली सिप्ला या भारतीय कंपनीने एचआयव्हीची तिहेरी औषधं एका रुग्णामागे वर्षाला 350 डॉलरला देऊ केली, तेव्हा बड्या परदेशी कंपन्यांचा दर दहा हजार डॉलरच्या पुढे होता. 1 एप्रिल 2004 पासून ही औषधं आपल्या सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागली. त्यामुळे माणसं जगली, हे बीड जिल्ह्यात बाधितांबरोबर काम करताना मी रोज बघते.

पण गोळी आणायला जायचा दिवस मोफत नाही.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेऊन दिवाळीच्या सुमारास जोडपं सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात जातं, ते उन्हाळ्यातच परततं. गोळ्या संपत आल्या की बाईने टोळीच्या मुकादमाकडे सुट्टी मागायची, आणि कारण मात्र सांगायचं नाही. टोळीत कळलं तर पाण्याच्या हंड्याला कुणी हात लावू देणार नाही. जाऊन-येऊन दोन दिवस, म्हणजे दोन खाडे. मजुरी बुडते ती बुडतेच, वर खाड्याचा दंड उचलीत चढतो. एकीने खाडे वाचवायला गोळ्या एक दिवसाआड घ्यायला सुरुवात केली. कुठल्या तोंडाने तिला रागवू? अशाने पहिली औषधं लागू पडेनाशी होतात आणि पुढची महागडी औषधं शेवटी सरकारलाच द्यावी लागतात.

एसटीत बाधितांना मोफत प्रवास आहे. पण भरल्या गाडीत कंडक्टरपुढे बाधित असल्याचा कागद काढायचा कसा? बायका मुकाट्याने तिकीट घेतात.

संजय गांधी निराधार योजनेत एड्सग्रस्त बसतात. अट वर्षाला 21 हजारांच्या आतल्या कौटुंबिक उत्पन्नाची. म्हणजे महिन्याला 1750 रुपये! एवढ्यात कुणाचं घर चालतं, साहेब? खरा आकडा लिहिला की अर्ज बाद.

प्रकृती स्थिर असलेल्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याची मुभा राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतच आहे. ऊसतोडीला निघणाऱ्या प्रत्येकाला त्या हातात मिळाल्या पाहिजेत. पुढच्या गोळ्या कारखान्याजवळच्या केंद्रात, नुसतं उपचाराचं पुस्तक बघून मिळाव्यात. केंद्र बदलण्याच्या कागदांसाठी कुणाला गावी पिटाळू नये. उत्पन्नाची अट दुसऱ्या खात्याची आहे, पण मंत्रिमंडळात हा विषय आपणच मांडू शकता.

दसरा झाला की टोळ्या निघू लागतात. गोळ्यांचा आदेश त्याआधी केंद्रांपर्यंत पोचावा, ही कळकळीची विनंती.

आपली,
बाधितांसोबत काम करणारी एक कार्यकर्ती, बीड