सायकली घाटापलीकडे उतरवा

महोदय,

थंडी पडली की शनिवारी निघून रविवारी परतायच्या सहली सुरू होतात आणि अलीकडे त्यात मुलांच्या सायकलीही सोबत असतात. ही फार चांगली गोष्ट आहे. मात्र लहान मुलांना घेऊन थेट घरापासून सायकलवर निघण्याचा हट्ट पुण्यात तरी धरू नये, हे कळकळीने सांगण्यासाठी हे पत्र. साताऱ्याकडे निघालात तर कात्रज, सासवडकडे दिवे घाट नाहीतर बोपदेव, मुळशीकडे चांदणी चौक ओलांडला की पिरंगुटचा घाट. सोलापूर आणि नगर रस्ता सपाट, पण तिथे ट्रक-कंटेनरची रांग. वाटेत घाट नाही म्हणून मग सगळेच खडकवासल्याकडे वळतात. रविवारी धरणाच्या चौपाटीवर कणसांच्या गाड्यांपुढे मोटारी अशा आडव्यातिडव्या लागतात की सहा वर्षांच्या मुलाला सायकल चालवायला डांबराची कडसुद्धा उरत नाही.

तेव्हा सायकली मोटारीतून घाटापलीकडे न्याव्यात, मुक्कामाच्या जागी उतरवाव्यात आणि सकाळी गावच्या रस्त्यावर चालवाव्यात. यात कमीपणा काहीच नाही.

मोटारीच्या मागे पट्ट्यांनी बांधायचे कॅरिअर मोठ्यांच्या सायकलींसाठी ठीक असते. मुलांच्या सायकलीला वरची सरळ आडवी दांडी बहुधा नसते, त्यामुळे ती त्यावर तिरकी लटकते आणि पेडल मोटारीचा रंग खरवडते. १६ आणि २० इंची चाकांच्या सायकली डिकीतच घालाव्यात. पुढचे चाक काढावे. त्याला बहुधा साधे नट असतात, म्हणून त्या मापाचा, बहुधा १५ नंबरचा, पाना जवळ हवा. खाली जुनी चादर पसरून सायकल डाव्या कुशीवर आडवी करावी. साखळी आणि डिरेलर (गिअर बदलणारा भाग) उजवीकडे असतात. ते वर राहिले की वाकत नाहीत. मागच्या कॅरिअरच्या पट्ट्या पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरमध्ये हमखास सैल पडतात. घाट चढण्याआधी थांबून त्या पुन्हा आवळाव्यात आणि नंबर प्लेट व मागचे दिवे झाकले गेले नाहीत ना, हेही तिथेच पाहावे.

ठिकाण म्हणून सासवडच्या पलीकडचा कऱ्हेकाठचा भाग आम्हाला सर्वांत योग्य वाटतो. पुण्यापासून सासवड सुमारे ३० किलोमीटर. दिवे घाट चढून गेले की पठार लागते, मुख्य रस्ता सोडला की अंजीर-सीताफळाच्या बागांमधून जाणारे गावरस्ते आहेत आणि समोर पुरंदर दिसत राहतो. तिथेही वार पाहून जावे. गुरुवारी आणि पौर्णिमेला नारायणपूरला दत्तदर्शनाची गर्दी असते, सोमवती अमावास्या आणि चंपाषष्ठीला जेजुरीची. आषाढीआधी पालखी याच वाटेने सासवडला मुक्कामाला येते, त्या दिवसांत सायकली घरीच बऱ्या.

किती चालवायचे, याचा अंदाज मोठ्यांचा नेहमी चुकतो. १६ इंची चाक एका फेरीत सव्वा मीटरच्या आसपास पुढे जाते, मोठ्यांचे २६ इंची चाक दोन मीटरच्या वर. मुलांच्या सायकलीचा गिअरही हलका ठेवलेला असतो. म्हणजे तुमच्या एका पेडलला मुलाची दोन पेडले. पाच-सहा वर्षांच्या मुलाला सकाळचे पाच-सहा किलोमीटर पुष्कळ झाले; आठ-नऊ वर्षांचे, गिअरची सायकल असलेले मूल बारा-पंधरा करते. जाताना वारा तोंडावर घ्यावा, म्हणजे दमून परतताना तो पाठीशी असतो. उजाडले की निघावे आणि दहाच्या आत परतावे.

उतार चढापेक्षा धोक्याचा. स्वस्त सायकलींच्या रिमा लोखंडी असतात. दवाने ओल्या झाल्या की ब्रेकचे रबर त्यांवर घसरते. शिवाय मुलांची बोटे ब्रेकच्या दांडीपर्यंत पुरत नाहीत. दांडीच्या बुडाशी एक बारीक स्क्रू असतो. तो आत फिरवला की दांडी मुठीजवळ येते. त्यानंतर ब्रेकची वायर थोडी सैल करून पुन्हा जुळवून घ्यावी. हे काम घरी, निघण्याच्या आदल्या दिवशी करावे.

सर्वाधिक खोळंबा करतो तो बाभळीचा काटा. माळरानाच्या कडेने दोन मिनिटे जरी सायकल गेली तरी तो घुसतो, वरचा भाग मोडून पडतो आणि टोक टायरमध्ये राहते. बाहेरून काहीच दिसत नाही. नवी ट्यूब घातली की शंभर पावलांत पुन्हा हवा जाते आणि लोक ट्यूबला दोष देतात. यावर उपाय असा: ट्यूब काढताना तिची बाजू लक्षात ठेवावी, भोक सापडल्यावर ट्यूब होती तशीच, व्हॉल्व्ह रिमच्या भोकासमोर येईल अशी टायरवर धरावी. भोक जिथे येते, तिथेच काटा असतो. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवला की तो अडकतो. उघडे बोट फिरवू नये. काटा चिमट्याने उपटावा. मग ट्यूब घासून सोल्यूशन लावावे आणि चार-पाच मिनिटे वाळू द्यावे. ओल्यावर लावलेला पॅच टिकत नाही. गावातल्या पंक्चरवाल्याकडे १६ किंवा २० इंची ट्यूब मिळेलच असे नाही, म्हणून प्रत्येक मापाची एक न्यावी. माप टायरच्या कडेवर छापलेले असते. हवा हातपंपानेच भरावी, कारण कॉम्प्रेसरने लहान ट्यूब क्षणात फुटते. मोठ्यांच्या सायकलीला बारीक तोंडाचा व्हॉल्व्ह असेल तर पितळी अडॅप्टर खिशात असू द्यावा.

रस्त्यावर एक मोठा माणूस पुढे, मुले मध्ये आणि दुसरा मोठा मागे, मुलांपेक्षा हातभर उजवीकडे. म्हणजे मागून येणारी गाडी आपोआप दूरून जाते. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला तर सरळ साइडपट्टीवर उतरून थांबावे. मागची ट्रॉली झोले खाते. कुत्रे मागे लागले तर मुलांनी जोरात पेडल न मारता उतरावे आणि सायकल मध्ये धरून चालावे. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटे आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात एक बोट जाईल एवढे घट्ट. कालव्याच्या कडेचे रस्ते सपाट आणि मोकळे दिसतात, पण त्यांना कठडा नसतो; मुलांना तिथे नेऊच नये. धरणाच्या पाण्याकाठी गाळ असतो आणि पाय टाकल्यावरच तो कळतो.

पाणी मुलामागे एक लिटर, मोठ्यामागे दोन. खायला दशम्या, केळी, राजगिरा वडी. तळलेले परतल्यावर द्यावे.

मुक्कामाची जागा ठरवताना फोनवर चार गोष्टी विचाराव्यात: रात्री सायकली छपराखाली, कुलपात ठेवता येतील का, फाटकापासून डांबरी रस्ता किती लांब आणि मध्ये खडी आहे का, मुलांना साडेसातला बिनतिखट जेवण मिळेल का, आणि सकाळी साडेसहाला दूध-पोहे मिळतील का. नाश्ता नऊला असेल तर सायकलची सकाळ गेली.

इथे कृषी पर्यटन केंद्रांना एक विनंती. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले आणि केंद्रे वाढत आहेत. जलतरण तलावाचा खर्च प्रत्येकाला झेपत नाही. पण पत्र्याची एक शेड, दाब दाखवणारा, जमिनीवर उभा राहणारा पंप, पंक्चर पाहायला पाण्याचे घमेले आणि भिंतीवर आसपासच्या रस्त्यांचा हाताने काढलेला नकाशा, ज्यात चढ, खडी आणि काटे कुठे ते लिहिलेले असेल, एवढे कोणालाही जमेल. आपल्या पुरवणीतील सहलींच्या माहितीतही ठिकाणाच्या छायाचित्राशेजारी चढ, खडी आणि काटे कुठे या तीन गोष्टी छापाव्यात, अशी आपणांस विनंती.

– मुलांसोबत सायकल चालवणारे काही पालक, पुणे