आठ वर्षांची ‘विश्रांती’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ कॅरोल रॉबिन्सन यांच्यावरचा लेख काल वाचला. माझ्या शिकवणीला येणाऱ्या एका मुलीच्या आईने पानच आणून दिलं. “बाई, अगदी तुमच्यासारखीच की हो ही!” म्हणाली. बिचारीने कौतुकानेच आणलं होतं. मी मात्र तिसऱ्या परिच्छेदाशी जी अडकले ती रात्रभर तिथेच.

लेखकमहाशय लिहितात, डॉक्टरेट मिळाल्यावर बाईंनी तीन मुलांच्या संगोपनासाठी ‘आठ वर्षे विश्रांती घेतली’. विश्रांती! लेखकांनी एखाद्या दुपारी एक तरी मूल झोपवून बघावं. तेही मे महिन्यात, वीज गेलेली असताना. मग पुढचा लेख लिहावा.

लेख वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. सोळाव्या वर्षी शाळा सोडलेली मुलगी केंट परगण्यातल्या सँडविच इथे फायझरमध्ये तंत्रज्ञ म्हणून लागते, नोकरी करत शिकते, २००१ मध्ये केंब्रिजची आणि २००९ मध्ये ऑक्सफर्डची रसायनशास्त्रातली पहिली महिला प्राध्यापक होते, हे मराठीत छापून आलं ही चांगलीच गोष्ट झाली. पण सोबत चित्र कशाचं? सूक्ष्मदर्शकाचं, आणि शेजारी निळं पाणी भरलेला चंबू. ज्या बाईंनी उभी हयात मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंचं वजन काढणाऱ्या यंत्रावर काढली त्यांच्या लेखाला सूक्ष्मदर्शक म्हणजे हापूसच्या बातमीला फणसाचा फोटो. इथे रेणू डोळ्यांनी बघायचा नसतो. त्याला विद्युतभार द्यायचा, निर्वात पोकळीत उडवायचा आणि तो किती वळला किंवा किती वेळात पोचला त्यावरून त्याचं वजन काढायचं.

बाईंचं मोठेपण नेमकं तिथेच आहे. प्रथिनं पेशीत एकेकटी काम करत नाहीत, टोळक्याने करतात. पाणी काढून घेतलं की ही टोळकी विखुरणार, असंच बहुतेकांना वाटायचं. बाईंनी ती अख्खीच्या अख्खी उडवून दाखवली. पेशीच्या पडद्यात रुतून बसलेली प्रथिनं तर पाण्याला दादच देत नाहीत. त्यांना डिटर्जंटच्या फेसात गुंडाळून यंत्रात सोडायचं आणि आत गेल्यावर तो साबण झटकून टाकायचा, ही त्यांची करामत. या सगळ्याला तुमच्याकडे दीड ओळ. घरसंसाराला दोन रकाने.

हे मला कसं ठाऊक? मीही त्या यंत्रावर काम केलंय. एम.एस्सी. झाल्यावर सहा वर्षं ठाण्यातल्या एका कंपनीत मास स्पेकवर होते. मग लग्न होऊन चिपळूणला आले. ‘मी मासवर काम करायचे’ असं सांगितल्यावर सासूबाईंनी विचारलं, “म्हणजे मासे साफ करता येतात ना तुला?” येत नव्हते. शिकले.

दोन मुलं झाली. सासरे पक्षाघाताने पाच वर्षं अंथरुणावर होते. २००४ साली धाकटी पहिलीत गेली, तेव्हा इथल्या एमआयडीसीतल्या एका कंपनीची जाहिरात बघून अर्ज टाकला. जाहिरातीत वय पस्तीसच्या आत हवं होतं. मी तीन वर्षांनी पुढे होते, तरी बोलावणं आलं. समोर तिघे बसले होते. मधल्याने कागद चाळले.

“मॅडम, मधली आठ वर्षं काय करत होतात?”

मी सांगितलं.

“म्हणजे घरीच.”

त्या ‘घरीच’मधला ‘च’ मला अजून ऐकू येतो.

नंतर रीत म्हणून प्रयोगशाळा दाखवली. तिथलं जीसी-एमएस, म्हणजे मिश्रणातले घटक ‘कॉलम’ नावाच्या बारीक नळीत वेगळे करून मग त्यांचं वजन काढणारं मास स्पेक, बंद होतं. ऑपरेटर पोरगा खुर्चीत हातावर हात ठेवून बसला होता. सॉफ्टवेअर बिघडलंय, मुंबईहून इंजिनीअर परवा येणार, म्हणाला. पडद्यावर २८ वजनाची रेघ ताडासारखी उभी आणि ३२ची तिच्या साधारण पाव उंचीची. २८ म्हणजे नायट्रोजन, ३२ म्हणजे ऑक्सिजन. चक्क हवा आत शिरत होती. मी म्हटलं, “लीक आहे रे. कॉलमचा नट बघ, ढिला असेल.” त्याने माझ्याकडे नाही, साहेबांकडे बघितलं. साहेब काहीच बोलले नाहीत, तेव्हा उठला आणि पान्याने पाव फेरा आवळला. चहा येईपर्यंत २८ची रेघ खाली बसली होती.

चहा छान होता. पंधरा दिवसांनी पत्र आलं: ‘अनुभवातील खंड लक्षात घेता’ वगैरे. मुंबईच्या इंजिनीअरचं भाडं वाचलं, एवढाच काय तो माझ्या अनुभवाचा कंपनीला उपयोग. तेव्हापासून ओटीवर दहावीची शिकवणी घेते. ठाण्याचा अनुभवाचा दाखला २०२१च्या पुरात भिजला. पंख्याखाली वाळवला, पण शाई पसरली ती पसरलीच. आता त्यावर माझं आडनाव तेवढं वाचता येतं.

मी काही रॉबिन्सन नाही. तेवढी बुद्धी नव्हती, आणि होती असं म्हणून मला कुणाची सहानुभूतीही नको. पण आठ वर्षांनी ऑक्सफर्डमध्ये खालच्या जागेवर का होईना, त्यांना कुणीतरी परत घेतलं. त्या दाराबद्दल तुमच्या लेखात अक्षर नाही. सगळं श्रेय ‘जिद्दी’ला. जिद्द आमच्याकडेही होती हो, दार नव्हतं. आणि वयाचंच म्हणाल, तर बाई ज्या विद्युतफवाऱ्याने, म्हणजे विद्युतभार दिलेल्या बारीक थेंबांच्या फवाऱ्याने प्रथिनं उडवतात त्याबद्दल अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ जॉन फेन यांना २००२ साली नोबेल मिळालं तेव्हा ते ८५ वर्षांचे होते. सत्तरी आली म्हणून येल विद्यापीठाने त्यांना निवृत्त केलं होतं आणि भलीमोठी प्रथिनं फवाऱ्याने उडवण्याचं गाजलेलं काम त्यानंतर, १९८८मध्ये पुढे आलं. आमच्या एमआयडीसीने त्यांना चहासुद्धा पाजला नसता.

आता लिहितेच आहे तर आणखी एक. गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर आमच्या खाडीत बोय मासळी मरून काठाला लागली. तुम्ही पहिल्या पानावर चारकॉलमी फोटो छापलात. खाली वाक्य, ‘पाण्याचे नमुने तपासणीसाठी पाठवण्यात आले आहेत.’ त्याच्या आदल्या वर्षी हेच वाक्य होतं. मी दोन्ही कात्रणं जपून ठेवली आहेत, शब्दाचाही फरक नाही. अहवाल काय आला, ते मात्र एकदाही छापून आलेलं नाही. नमुने काय आजोळी जाऊन बसलेत? त्या पाण्यात कुठली रसायनं आहेत हे सांगायला ज्या जातीचं यंत्र लागतं, त्याच यंत्रावर काम करणाऱ्या बाईंवर तुम्ही रविवारी पाऊण पान खर्च केलंत. नमुना वेळेत उचलला आणि थंड ठेवून नेला, तर काम चार-सहा दिवसांचं. आमच्याकडे मासे कुजून वास जाईपर्यंत पंचनामाच चालतो. कोळणी दोन आठवडे टोपल्या पालथ्या घालून बसल्या होत्या, त्याचा फोटो काही तुम्ही काढला नाहीत.

तेव्हा विनंती अशी, की पुढच्या लेखात ‘विश्रांती’ऐवजी दुसरा शब्द शोधावा, आणि त्या अहवालांची संबंधित खात्याकडे एकदा लेखी मागणी करावी. मिळाले आणि कार्यालयात ते वाचणारं कुणी नसेल, तर माझा पत्ता पाकिटावर आहे. संध्याकाळी सातनंतर शिकवणी संपते.

आपली,
एक शिकवणीवाली बाई,
चिपळूण