रापणीचा वाटा

मालवण,
ऑक्टोबर अखेर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "नोबेल म्हणजे आता नुसतं राजकारण. पोरांना त्याचं कसलं कौतुक सांगतोस?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. बावीस वर्षं मी दर ऑक्टोबरात शाळेच्या फळ्यावर विजेत्यांची नावं लिहितोय. ते चुकत होतं का, हे मला माझ्यापुरतं तरी ठरवायला हवं होतं.

शांततेच्या नोबेलबद्दल तुझ्याशी वाद घालणार नाही. १९७३ साली ते व्हिएतनाम युद्धाच्या तहासाठी अमेरिकेचे किसिंजर आणि व्हिएतनामचे ले डक थो यांना जाहीर झालं, थो यांनी ते नाकारलं, समितीतल्या दोघांनी राजीनामे दिले. गांधीजींना ते कधी मिळालंच नाही, हे तर तुला ठाऊकच आहे.

विज्ञानाचं दुखणं वेगळं आहे. तिथे नालायक माणूस क्वचितच निवडला जातो. खोट आहे ती वाटणीत. एका पारितोषिकात जास्तीत जास्त तीन माणसं, हा नियम. गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातून येणारे गुरुत्वाचे तरंग, सापडल्याचा २०१६ चा शोधनिबंध आठव. हजारावर नावं होती, त्यात तुझ्या पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेतलीही. २०१७ चं नोबेल वाइस, थॉर्न आणि बॅरिश यांना मिळालं. तिघांची हयात त्यात गेली, मान त्यांचा आहेच. पण बाकीच्यांचं काय?

आणि जोसलिन बेल. १९६७ साली केंब्रिजला पीएच.डी. करणारी मुलगी. रेडिओ दुर्बिणीसाठी खांब ठोकण्यापासून तारा ओढण्यापर्यंत राबली, मग दुर्बिणीने रोज जवळजवळ शंभर फूट कागदावर उमटवलेली रेघ डोळ्यांनी तपासत बसली. त्यात कुठेतरी अर्ध्या सेंटिमीटरची खरखर दिसली. दुसऱ्या कुणी ती सोडून दिली असती. तिने सोडली नाही, आणि पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ लहरींचे ठोके देणारा तारा, सापडला. १९७४ चं नोबेल तिच्या मार्गदर्शकांना, ह्युइश यांना, आणि राईल यांना मिळालं. २०१८ साली तिला दुसरं एक मोठं पारितोषिक मिळालं, तीस लाख डॉलर. तिने ते सगळे पैसे भौतिकशास्त्र शिकायला धडपडणाऱ्या, एरवी मागे राहणाऱ्या मुलांच्या शिष्यवृत्तीला देऊन टाकले. हे वर्गात सांगताना अजून माझा आवाज भरून येतो.

काल सकाळी दांड्यावर, आमच्या किनाऱ्यावर, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लागली होती. दोन्हीकडून दोर ओढणारी तीस-चाळीस माणसं, पाय वाळूत रुतलेले, जाळं किनाऱ्याला येईतो तासभर गेला. बांगडा बरा मिळाला. मग वाटे पडले: होडीचा, जाळ्याचा, आणि दोराला हात लावलेल्या प्रत्येकाचा. वाटेवरून आलेला एक म्हातारा शेवटी दहा मिनिटं ओढायला लागला होता, त्याच्याही पिशवीत चार बांगडे पडले. तिथे उभा राहून मला तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. पारितोषिक रद्द नको, वाटणी बदला. अनुवादित पुस्तकांना मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय बुकरने ती बदलली आहे ना! तिथे रक्कम लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मी-निम्मी होते. २०२२ साली गीतांजली श्री यांच्याबरोबर डेझी रॉकवेल, २०२५ साली बानू मुश्ताक यांच्याबरोबर दीपा भास्ती. कानडी कथांना तो मान मिळाला तेव्हा मला घरचं कार्य असल्यासारखा आनंद झाला.

आता एक गोष्ट, जी तुला कधी सांगितली नाही. बारा वर्षांपूर्वी आमच्या शाळेचा प्रकल्प जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात पहिला आला. खाडीकाठच्या विहिरी खाऱ्या का होतात, हा विषय. फॉर्मवर दोनच नावांची जागा होती. बोलणारी, टापटीप अशी दोन मुलं मी लिहिली. सहा विहिरींचं पाणी चार महिने ताटलीत आटवून मीठ तोलणारी, शेजारी भरती-ओहोटीची वेळ लिहून ठेवणारी मुलगी रापणकराची होती. तिचं नाव राहिलं. नियमच तसा आहे, असं मी तिला सांगितलं. तिने मान हलवली आणि तराजू पुसून कपाटात ठेवला.

काल दांड्यावरून परतलो आणि तिचा नंबर शोधून फोन केला. ती आता नर्स आहे. मी माफी मागितली. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "सर, ती वही अजून माझ्याकडे आहे."

दिवाळीच्या सुट्टीत ती वही घेऊन येणार आहे. त्याच विहिरींचं पाणी यंदाच्या मुलांकडून पुन्हा मोजून घ्यायचं ठरवलंय. तूही ये. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
मास्तर