चाचणीतल्या मार्कांबद्दल

चि. सोनू हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर हसत हसत सांगितलंस, पण आवाज पडलेला होता. व्यक्तिमत्त्व चाचणीत काटेकोरपणा भरपूर, काळजीखोरपणाही भरपूर आणि बहिर्मुखता जेमतेम. त्यावर वर्गातलं कुणीतरी म्हणालं, असली माणसं विमान दुरुस्तीच्या हँगरमध्ये टिकत नाहीत. फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून हे लिहितोय.

चाचणी खोटी आहे असं मी म्हणणार नाही. काटेकोर माणसं नियमांना सहसा बगल देत नाहीत, आणि कुणाशी न पटवून घेणारी, बेफिकीर माणसं अपघातात जास्त सापडतात, असं अभ्यासांतून दिसलेलं आहे. पण हे झालं शेकडो माणसांचं. रात्री तीनला पॅनेल उघडून बसलेला माणूस एकटा असतो, अर्धवट झोपेत असतो आणि सकाळी विमान द्यायचं असतं.

१९९० सालची ती काचेची गोष्ट तुम्हाला शिकवतीलच. १० जूनला ब्रिटिश एअरवेजचं विमान बर्मिंगहॅमहून मालागाला निघालं आणि सुमारे १७,३०० फुटांवर कॅप्टनसमोरची काच निखळली. कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला, केबिन क्रूनं त्याला धरून ठेवलं, सहवैमानिकानं विमान साउथॅम्प्टनला उतरवलं. कॅप्टन वाचला. ती काच उड्डाणाच्या २७ तास आधी बदललेली होती. ९० बोल्टांपैकी ८४ व्यासाला बारीक, उरलेले ६ लांबीला कमी. माणसं कमी होती म्हणून शिफ्टच्या मॅनेजरनं स्वतःच काम अंगावर घेतलं होतं. स्टोअरवाल्यानं योग्य नंबर सांगितलाही होता. पण मॅनेजरनं जुना बोल्ट हातात धरून मंद उजेडात नजरेनं जोड शोधली, पार्ट कॅटलॉग उघडला नाही. बारीक अक्षरं वाचायला लागणारा चष्माही तेव्हा डोळ्यांवर नव्हता.

हा माणूस कामचुकार नव्हता गं. सहकाऱ्यांत त्याला मान होता. काटेकोरपणाच्या रकान्यात त्याला मार्क कमी पडले असते असं मला वाटत नाही.

मलाही पडले नसते. एकदा लँडिंग गिअरचं, म्हणजे विमानाच्या चाकांचं, काम आटपून मी पॅनेल बंद केलं, कामाच्या पायऱ्या लिहिलेल्या टास्क कार्डावर सही ठोकली. टूल ट्रेच्या फोममध्ये प्रत्येक हत्याराची आपापली खाच असते; त्यातली एक रिकामी होती, सॉकेट पान्याला लावायच्या दांडीची, म्हणजे एक्स्टेंशनची. मला दिसली नाही. हाताखालच्या पोराला दिसली. तो अर्धा तास माझ्या मागेपुढे घुटमळला आणि मग म्हणाला, "सर, एक खाच रिकामी वाटतेय." मी खेकसलो, "असेल कुठेतरी." पण तो हलला नाही. शेवटी पॅनेल पुन्हा उघडलं, तर एक्स्टेंशन केबलला खेटून पडलेली. एक्स्टेंशन राहिल्याचं मला इतकं लागलं नाही, जितका त्याचा तो अर्धा तास लागला. माझ्या तोंडाकडे बघून त्याची हिंमत होत नव्हती, दुसरं काय!

गॉर्डन ड्युपाँट यांनी १९९३ मध्ये कॅनडाच्या वाहतूक खात्यात असताना देखभालीतल्या चुकांची बारा कारणं मांडली, आमच्यात त्यांना डर्टी डझन म्हणतात. 'आपल्याला सगळं येतं' ही सुस्त खात्री त्यात आहे, आणि गप्प बसणंही आहे. त्या रात्री पहिलं माझ्याकडे होतं, दुसरं त्याच्याकडे.

म्हणून तुझ्या काळजीखोरपणाचं मला भय नाही. ती काळजी बोटांत उतरू दे: टॉर्क, म्हणजे बोल्ट किती आवळलाय ते, पुन्हा बघ, कार्डाची पायरी पाठ असली तरी वाच. नुसती डोक्यात फिरत राहिली तर मात्र झोप खाईल, आणि झोप नसलेला माणूस दारू प्यायलेल्यासारखाच. मला धास्ती आहे ती तुझ्या गप्प बसण्याची. लहानपणी चप्पल चावायची तरी तू बोलायची नाहीस, पायाला फोड आल्यावर कळायचं. हँगरमध्ये सीनियर मंडळी खेकसतात. खेकसू देत. "सर, मला खात्री नाही, परत बघू या" हे वाक्य घरी मोठ्यानं म्हणून बघ, आधी जीभ अडखळते.

आणि आई सांगत होती, तुझा नंबर वाढलाय. या आठवड्यात डोळे तपासून घे. चष्म्याचे दोन जोड कर, एक टूलबॉक्समध्येच राहू दे.

तुझा,
बाबा