यकृताच्या प्रतीक्षेतील रुग्णांची धाप

महोदय,

यकृत प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीतील रुग्णाला धाप लागली की ‘पोटात पाणी झाले आहे, दम लागणारच’ असे म्हणून विषय संपवला जातो. माझ्या थोरल्या भावाच्या बाबतीत हेच झाले. पोटातील पाणी काढल्यावरही त्याला उठून बसले की दम लागे आणि आडवे झाले की बरे वाटे. हृदयविकारात सहसा याच्या उलट घडते, त्यामुळे आम्हाला तो त्याच्या मनाचा खेळ वाटला, याची खंत आजही आहे.

सिरॉसिसच्या, म्हणजे यकृत निबर होण्याच्या विकाराच्या, काही रुग्णांमध्ये फुफ्फुसांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्त पुरेसा प्राणवायू न घेताच पुढे जाते; याला ‘हेपॅटोपल्मनरी सिंड्रोम’ म्हणतात. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरने बसून आणि झोपून अशा दोन नोंदी घेतल्या आणि बसल्यावर प्राणवायू घटलेला दिसला, तर संशय लवकर येऊ शकतो. पुढील तपासणी शिरेतून सूक्ष्म बुडबुडे सोडून केलेल्या इकोकार्डिओग्राफीने (हृदयाच्या सोनोग्राफीने) होते. छातीत साचलेले पाणी किंवा फुफ्फुसाच्या धमन्यांतील वाढलेला दाब ही कारणे निराळी असून त्यांचे उपचारही निराळे आहेत.

रुग्णाची निकड ठरवणाऱ्या ‘मेल्ड’ गुणांकनात बिलिरुबिन, क्रिएटिनिन, आयएनआर (रक्त गोठण्याचा निर्देशांक) यांसारखे रक्तातील घटक मोजले जातात, प्राणवायू नव्हे. म्हणूनच अमेरिकेत हेपॅटोपल्मनरी सिंड्रोममध्ये धमनीतील प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या ६० मिलिमीटरपेक्षा कमी असल्यास जादा गुणांची तरतूद आहे. यादीतील प्रत्येक रुग्णाची ही साधी दुहेरी नोंद प्रत्येक भेटीत व्हावी, अशी प्रत्यारोपण केंद्रांना कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, पुणे